पुराव्याचे ओझे

लंडनच्या पश्चिमेला थेम्सकाठी स्टेन्स नावाचे गाव आहे. तिथल्या दोन पबचे वीस-वीस वर्षांचे भाडेपट्टे १९९१ मध्ये क्रेहान नावाच्या एका पबचालकाने घेतले. पट्टा देणारी कंपनी होती इनट्रप्रेन्युअर. तिची अट अशी की बिअर करेज या मद्यकंपनीचीच विकायची, ठरल्यापेक्षा कमी उचलायची नाही आणि दर करेज लावेल तो. अशा बांधील करारांची ब्रिटिश पबना शतकाहून अधिक काळ सवय होती. पण करेज आपल्याला बांधलेल्या पबना चढ्या भावाने बिअर देते आणि मुक्त पबना तीच बिअर स्वस्तात विकते, अशी या माणसाची तक्रार होती. दोन वर्षांत धंदा बसला. १९९३ मध्ये करेजने १५,२६६ पौंडांच्या थकबाकीसाठी दावा लावला, तेव्हा त्याने उलटा दावा ठोकला: हा करारच रोमच्या तहाच्या कलम ८५ विरुद्ध आहे, त्यामुळे थकबाकी राहू द्या, तुम्हीच मला भरपाई द्या. थकलेल्या बिलातून निघालेल्या या भांडणावर २० सप्टेंबर २००१ रोजी लक्झेंबर्गच्या युरोपीय न्यायालयाने निकाल दिला. स्पर्धेचे नियम मोडल्यामुळे ज्याचे नुकसान झाले, अशा कोणाही व्यक्तीला भरपाई मागता येते, आणि तो स्वतः त्या कराराचा पक्षकार असला म्हणून त्याचा हक्क आपोआप बुडत नाही, असा त्याचा सारांश. युरोपातल्या स्पर्धा कायद्याच्या प्रत्येक अभ्यासक्रमात ‘करेज विरुद्ध क्रेहान’ शिकवले जाते. ज्याच्या नावाने ते शिकवले जाते त्याला मात्र शेवटी एक पौंडही मिळाला नाही.

या विसंगतीकडे अभ्यासक बहुधा तळटीपेतली गंमत म्हणून पाहतात. मला वाटते, सगळ्या इतिहासाची किल्ली तिथेच आहे. युरोपातील भरपाईच्या दाव्यांची कहाणी ‘हक्क कधी मान्य झाला’ या प्रश्नाभोवती सांगण्याचा प्रघात आहे. त्या मांडणीत २००१ हे वर्ष शिखरावर बसते आणि पुढचे सारे त्याचा विस्तार ठरते. वास्तविक हक्क हा या कहाणीतला सोपा भाग होता. अवघड होता तो पुरावा: नियम मोडला गेला हे कोणी सिद्ध करायचे, कोणाच्या कपाटातल्या कागदांवरून करायचे, आणि मोडला नसता तर भाव किती राहिला असता हे कोणी ठरवायचे. हे ओझे फिर्यादीच्या खांद्यावरून हळूहळू कसे हलले, त्याचा हा इतिहास आहे.

१९५७ च्या रोमच्या तहात स्पर्धा बिघडवणारे करार रद्दबातल ठरतील असे लिहिले होते. त्यांच्यामुळे बुडालेल्यांचे काय, यावर तह गप्प होता. १९६२ च्या सतराव्या नियमावलीने या बंदीतून सूट देण्याचा अधिकार एकट्या युरोपीय आयोगाकडे ठेवला. कंपन्यांनी आपले करार नोंदवायला सुरुवात केली आणि बघता बघता ब्रुसेल्समध्ये तीस हजारांहून अधिक अर्जांचा ढीग साचला. ज्या कराराला उद्या आयोग सूट देईल की नाही हे माहीत नाही, त्यावर दिवाणी न्यायाधीशाने आज काय निर्णय द्यायचा? तरीही भरपाईचा विचार कोणी केलाच नव्हता असे नाही. १९६६ मध्येच आयोगाने तेव्हाच्या सहा सदस्य देशांच्या कायद्यांचा तौलनिक अभ्यास करवून प्रसिद्ध केला होता. तहातल्या स्पर्धेविषयीच्या दोन कलमांच्या भंगाची भरपाई प्रत्येक देशात कोणत्या वाटेने मागता येईल, हाच त्याचा विषय. वाटा होत्या, त्यांवरून चालणारे नव्हते. १९७४ मध्ये बेल्जियमच्या नभोवाणीच्या खटल्यात लक्झेंबर्गने ही कलमे थेट नागरिकांना हक्क देतात असे सांगितले. १९८३ मध्ये लोण्याच्या एका छोट्या व्यापारी कंपनीच्या खटल्यात ब्रिटनच्या हाउस ऑफ लॉर्ड्सने भरपाई मिळू शकेल असे जवळजवळ मान्य केले. म्हणजे करेजच्या निकालाआधी हक्काचा बराचसा सांगाडा उभा होता, आणि तरी दावे येत नव्हते.

इथे एक रास्त आक्षेप येतो. अमेरिकेत खासगी दावे एवढे फोफावले ते तिप्पट भरपाईच्या आमिषाने. युरोपात ते आमिष नव्हते म्हणून दावे नव्हते, पुराव्याचा मुद्दा दुय्यम आहे. पण अमेरिकेचाच इतिहास नीट पाहिला तर हा आक्षेप उलटतो. १८९० च्या शेर्मन कायद्यात तिप्पट भरपाई पहिल्या दिवसापासून होती, आणि तरीही पहिल्या अर्धशतकात दावेदार जिंकल्याची उदाहरणे मोजकीच सापडतात. १९१४ च्या क्लेटन कायद्याने सरकारने जिंकलेल्या खटल्याचा निकाल खासगी दाव्यात प्रथमदर्शनी पुरावा मानायला सुरुवात केली. १९३८ च्या दिवाणी प्रक्रिया नियमांनी प्रतिपक्षाची कागदपत्रे मागवण्याची सोय दिली. खरा पूर आला तो १९६० च्या दशकात, जनरल इलेक्ट्रिक आणि वेस्टिंगहाउस यांच्यासह विद्युत उपकरणे बनवणाऱ्या कंपन्यांनी भाव ठरवण्याचे संगनमत फौजदारी न्यायालयात कबूल केल्यानंतर. तोवर पैसा सत्तर वर्षे खुणावत होता. लोक न्यायालयात धावले ते पुरावा आयता मिळाल्यावर.

आता पुन्हा स्टेन्सकडे. इंग्लिश कायद्यात एक जुना दंडक आहे: बेकायदा करारात जो स्वतः सामील झाला त्याने त्या करारातून गाऱ्हाणे काढू नये. त्यामुळे पबचालकाचा दावा दारातच अडकला होता आणि म्हणून अपील न्यायालयाने प्रश्न लक्झेंबर्गला पाठवला. लक्झेंबर्गने दंडक पूर्ण मोडला नाही. ज्याची जबाबदारी मोठी त्याला तो लागू करा, पण वाटाघाटीत ज्याला आवाजच नव्हता त्याला नको, अशी तडजोड काढली. निकालामागचे कारण अधिक बोलके आहे. भरपाईचे दावे शक्य नसतील तर स्पर्धेच्या नियमांचा पुरता परिणाम साधणार नाही, असे न्यायालय म्हणाले. पबचालकावर अन्याय झाला हे कारण मागे राहिले, नियमांची धार पुढे आली. पुढच्या वीस वर्षांतला ‘दावे कशासाठी, धाक बसावा म्हणून की झीज भरून निघावी म्हणून’ हा विद्यापीठीय वाद या दोन ओळींतून निघाला आहे.

प्रकरण लंडनला परतले तेव्हा हक्काबद्दल वाद उरला नव्हता. उरला होता बाजार. बिअरचा बांधील करार तहाविरुद्ध ठरण्यासाठी १९९१ च्या डेलिमिटिस निकालाप्रमाणे असे दाखवावे लागते की अशा सर्व करारांच्या जाळ्यामुळे नव्या मद्यकंपनीला त्या देशाच्या बाजारात शिरणे अवघड झाले आहे. दोन पब चालवणाऱ्या माणसाने सगळ्या ब्रिटनच्या बिअर बाजाराची रचना सिद्ध करायची होती. त्याच्या हाताशी एक चांगला आधार होता. व्हिटब्रेड या दुसऱ्या कंपनीच्या प्रकरणात १९९९ मध्ये खुद्द आयोगाने ब्रिटिश बाजार बंदिस्त असल्याचे नोंदवले होते. उच्च न्यायालयाने २००३ मध्ये साक्षीपुरावे ऐकले, स्वतंत्र मत बनवले आणि बाजार बंदिस्त नव्हता असे ठरवले. अपील न्यायालयाने २००४ मध्ये आयोगाच्या निष्कर्षाला मान देऊन १,३१,३३६ पौंडांची भरपाई मंजूर केली. १९ जुलै २००६ रोजी हाउस ऑफ लॉर्ड्सने ती रद्द केली. आयोगाचा तो निर्णय वेगळ्या कंपनीच्या वेगळ्या करारांविषयी आहे, तो पुरावा म्हणून वाचता येईल पण न्यायाधीशाचे हात बांधू शकत नाही, असा त्यांचा तर्क होता. कायद्याच्या कसोटीवर हा तर्क चुकीचा म्हणता येणार नाही. पण त्याचा अर्थ एवढाच झाला की सरकारी यंत्रणेने अनेक वर्षे अभ्यासून काढलेला निष्कर्ष धंदा बसलेल्या एका पबचालकाने पहिल्यापासून पुन्हा सिद्ध करावा.

त्या निकालाच्या सहाच दिवस आधी, १३ जुलै २००६ रोजी, लक्झेंबर्गने मॅनफ्रेडी खटल्यात उलट टोकाचे चित्र पुढे ठेवले होते. इटलीच्या स्पर्धा प्राधिकरणाने २००० मध्ये मोटार विमा कंपन्यांच्या माहिती-देवाणघेवाणीच्या संगनमताला दंड केला होता. त्यानंतर बारीजवळच्या बितोंतो गावी, लहान रकमांचे तंटे सोडवणाऱ्या न्यायालयात साध्या विमाधारकांनी हप्त्यात जादा घेतलेले पैसे परत मागितले. लक्झेंबर्गने ग्राहकालाही हक्क आहे आणि भरपाईत प्रत्यक्ष तोटा, बुडालेला नफा व व्याज हे सारे येते असे सांगितले. इटलीची न्यायालये पुढे प्राधिकरणाच्या अहवालावरूनच नुकसानीचे अनुमान काढू लागली. एकाच महिन्यात एक माणूस हरला कारण अहवाल त्याच्या कराराचा नव्हता, आणि गावातल्या विमाधारकांची वाट सोपी झाली कारण अहवाल त्यांच्याच कंपन्यांचा होता. हक्क दोघांनाही सारखाच होता.

विद्वानांच्या जगात तेव्हा वेगळाच वाद रंगला होता. आयोगातच काम केलेले वॉउटर विल्स यांनी २००३ मध्ये भूमिका घेतली की धाक बसवण्याचे काम सरकारी दंड अधिक चांगले करतो. खासगी दावेदार आपल्या नफ्यासाठी येतो, समाजासाठी नाही, मग त्याला प्रोत्साहन कशाला? क्लिफर्ड जोन्स यांनी पुढच्याच वर्षी अमेरिकेच्या अनुभवावरून त्यांना उत्तर दिले. वाद वाचनीय आहे, पण दोघेही अशा घोड्याच्या चालीवर भांडत होते जो तबेल्याबाहेर आलाच नव्हता. २००४ मध्ये आयोगासाठी अ‍ॅशर्स्ट या विधिसंस्थेने केलेल्या पाहणीत तेव्हाच्या पंचवीस देशांत मिळून भरपाईचे निकाल सुमारे ६० सापडले आणि प्रत्यक्ष भरपाई मिळाल्याची प्रकरणे २८. या आकड्यांवर आक्षेप असा की न्यायालयाबाहेर मिटलेली प्रकरणे त्यात दिसत नाहीत. बॅरी रॉजर यांनी ब्रिटनमधल्या अशा तडजोडींचा शोध घेऊन तो खरा असल्याचे दाखवले. तरीही तडजोडीला बसतो तोच, ज्याच्या हातात काहीतरी असते. रिकाम्या हाताने आलेल्याशी कोणी तडजोड करत नाही.

हातात काहीतरी देण्याची पहिली मोठी हालचाल जर्मनीने केली. तिथल्या १९५७ च्या कायद्यात भरपाईचे कलम होते, पण संगनमत ज्यांच्याविरुद्ध रोखलेले असेल त्यांनाच ते लागू होते; सगळ्यांनाच जादा भाव लावणारे संगनमत अजब न्यायाने सुटून जाई. २००५ च्या दुरुस्तीने ही अट काढली आणि स्पर्धा प्राधिकरणांचे अंतिम निर्णय दिवाणी न्यायाधीशावर बंधनकारक केले. (भारताच्या २००२ च्या स्पर्धा कायद्याने हेच जरा वेगळ्या रीतीने साधले आहे: आयोगाने किंवा अपिलीय न्यायाधिकरणाने भंग ठरवल्यावरच भरपाईचा अर्ज करता येतो.) जर्मनीत २००५ मध्येच सिमेंट संगनमताचे बळी ठरलेल्या अनेक कंपन्यांचे दावे विकत घेऊन कार्टेल डॅमेज क्लेम्स या संस्थेने ड्युसेलडॉर्फमध्ये खटला भरला. दहा वर्षे चाललेला हा खटला २०१५ मध्ये फेटाळला गेला. दावेदार संस्थेकडे हरल्यास खर्च भरण्याइतके भांडवल नव्हते, म्हणून ते हस्तांतरणच अवैध, हे एक मुख्य कारण. पण दावे एकत्र बांधायचे, अर्थतज्ज्ञ बसवायचे आणि सरकारी निर्णयाच्या पाठीवर चढून न्यायालयात जायचे, ही रीत त्यातूनच रुळली.

मग कागदांची लढाई सुरू झाली. १९९६ पासून आयोगाकडे माफीच्या साक्षीदाराची योजना आहे. जी कंपनी आधी येऊन संगनमत उघड करील तिला दंडातून सूट. संगनमताचा सर्वांत चोख पुरावा या कबुलीजबाबांतच असतो, आणि नुकसान झालेल्यांची नजर साहजिकच त्यांवर गेली. सजावटी कागद बनवणाऱ्या कंपन्यांना २००८ मध्ये जर्मनीत दंड झाल्यावर त्यांच्याकडून ६ कोटी युरोंहून अधिक माल घेतलेल्या फ्लायडरर कंपनीने त्या फायली मागितल्या. २०११ मध्ये लक्झेंबर्गने दोन्ही बाजू तोलून प्रत्येक प्रकरणात देशी न्यायाधीशाने ठरवावे असे सांगितले. बॉनच्या न्यायालयाने तोलून पाहिले आणि फायली नाकारल्या. युरोपीय संघाच्या २०१४ च्या भरपाईविषयक निर्देशाने हा प्रश्न वाटून टाकला. कबुलीजबाब कधीच उघड करायचे नाहीत. बाकी कागद न्यायाधीश मागवू शकेल. बदल्यात दावेदाराला तीन गोष्टी मिळाल्या. आपल्या देशातल्या प्राधिकरणाचा अंतिम निर्णय नियमभंगाचा निर्विवाद पुरावा ठरेल, संगनमताने नुकसान झाले असे गृहीत धरले जाईल, आणि आकडा काढणे अशक्यप्राय असेल तर न्यायाधीशाला अंदाज करता येईल. निर्देशाच्या प्रस्तावनेत संपूर्ण भरपाईच्या हक्काचा गौरव बराच आहे. पण खऱ्या अर्थाने नवीन काय होते, तर ही पुराव्याची कलमे.

गृहीतकाला आधार होता अर्थशास्त्रीय संशोधनाचा. ऑक्सेरा या सल्लागार संस्थेने २००९ मध्ये आयोगासाठी जुन्या संगनमतांचे अभ्यास पडताळले. दहांपैकी नऊहून अधिक प्रकरणांत भाव चढलेले आढळले, आणि चढ सरासरी २० टक्क्यांच्या आसपास होता. हंगेरी आणि लाटव्हिया यांनी थेट १० टक्के, रुमानियाने २० टक्के असा आकडाच कायद्यात घातला. निर्देशाने मात्र आकडा देण्याचे टाळले. टीकाकार म्हणतात की सरासरीवरून एखाद्या माणसाचे नुकसान ठरवणे म्हणजे गावच्या सरासरी उंचीवरून प्रत्येकाचा सदरा शिवणे. खरे आहे. पण पर्याय काय होता? संगनमत नसते तर भाव काय असता, हा जग कधीच न पाहिलेल्या बाजाराचा प्रश्न आहे, आणि तो बाजार कसा होता हे सांगू शकणारी आकडेवारी संगनमत करणाऱ्यांच्याच दप्तरात असते. अनिश्चिततेची किंमत कोणीतरी भरणारच असेल, तर ती अनिश्चितता ज्याने निर्माण केली त्याने भरावी, यात मला तरी अन्याय दिसत नाही.

कसोटी लागली ती ट्रकच्या प्रकरणात. १९ जुलै २०१६ रोजी, लॉर्ड्सच्या त्या निकालाला बरोबर दहा वर्षे पूर्ण झाली त्या दिवशी, आयोगाने व्होल्वो/रेनॉ, डाइमलर, इव्हेको आणि डीएएफ यांना मिळून सुमारे २९३ कोटी युरो दंड केला. संगनमत उघड करणाऱ्या मान कंपनीला माफी मिळाली आणि तडजोड नाकारणाऱ्या स्कॅनियाला पुढच्या वर्षी ८८ कोटींचा दंड झाला. १९९७ ते २०११ अशी चौदा वर्षे हे चालले होते. स्पेनमध्ये हजारो छोटे वाहतूकदार न्यायालयात गेले. लक्झेंबर्गने २०२२ मध्ये सांगितले की नुकसानीचे गृहीतक जुन्या संगनमताला लागू होत नाही, कारण ते निर्देश अमलात येण्याआधीच संपले होते. अंदाज करण्याचा अधिकार मात्र प्रक्रियेचा भाग असल्यामुळे वापरता येतो. शिवाय २०२३ मध्ये त्याने बजावले की केवळ एका बाजूकडे माहिती जास्त आहे म्हणून अंदाजाचा आश्रय घेता येणार नाही. तरी जून २०२३ मध्ये स्पेनच्या सर्वोच्च न्यायालयाने चौदा वर्षांचा काळ, बाजाराचा मोठा हिस्सा आणि सगळ्या खंडभरचा विस्तार पाहून नुकसान झाले असेच अनुमान काढले आणि ट्रकच्या किमतीच्या ५ टक्के भरपाई कायम केली. योगायोग असा की त्याच वर्षी फेब्रुवारीत, आर्थिक प्रतिमानांचा काथ्याकूट आठवडेच्या आठवडे ऐकून लंडनच्या स्पर्धा अपील न्यायाधिकरणानेही रॉयल मेल आणि बीटी या कंपन्यांच्या ट्रकविषयक दाव्यात ५ टक्क्यांवरच बोट ठेवले.

दुसरा आक्षेप अधिक जड आहे. दावे सोपे झाले तर माफीचा साक्षीदार व्हायला कोणी पुढे येणार नाही, कारण दंडातून सुटलेली कंपनी दाव्यांत भरडली जाईल. मग संगनमते उघडच होणार नाहीत. २०१५ नंतर अनेक देशांत माफीचे अर्ज घटले हे खरे आहे. निर्देशाने कबुलीजबाबांना कवच दिले आणि साक्षीदार कंपनीची जबाबदारी मुख्यतः तिच्या स्वतःच्या ग्राहकांपुरती राखली ती याच भीतीने. पण याच आक्षेपात माझ्या मुद्द्याची कबुली दडलेली आहे: पुरावा हलवला की सगळी यंत्रणा हलते, हक्क जाहीर केल्याने एवढे हलले नव्हते. याचे उलटे उदाहरण ब्रिटनने दिले. तिथे २०१५ पासून सगळ्या ग्राहकांच्या वतीने एकच दावा करण्याची सोय झाली आणि मास्टरकार्डविरुद्ध सुमारे ४ कोटी ६० लाख लोकांसाठी १,४०० कोटी पौंड मागितले गेले. सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये दार उघडले. पण कार्ड-व्यवहारांवरच्या युरोपपातळीवरील शुल्कामुळे देशांतर्गत शुल्क वाढले हा कार्यकारणभाव न्यायाधिकरणापुढे टिकला नाही आणि प्रकरण २० कोटी पौंडांवर मिटले. सामूहिक हक्क एवढा मोठा, आणि पुराव्याची एक कडी तुटताच तो सत्तर भागांतल्या एका भागावर आला.

नुकसानीचे गृहीतक फक्त प्रतिस्पर्ध्यांमधल्या संगनमताला आहे. पुरवठादार आणि विक्रेता यांच्यातल्या बांधील कराराला ते लागू नाही, म्हणजे स्टेन्सच्या पबचालकाला ते आजही मिळाले नसते. त्याच्या जवळची जागा मिळाली ती २० एप्रिल २०२३ रोजी, स्पेनमधल्या एका पेट्रोल पंपमालकाच्या वारसांना. पंप रेप्सोल कंपनीला बांधील होता आणि विक्रीचे दर कंपनी ठरवत होती. स्पेनच्या स्पर्धा प्राधिकरणाने २००१ आणि २००९ मध्ये कंपनीचे असे करार बेकायदा ठरवले होते. पण त्या निर्णयांत हा पंप नावानिशी नव्हता. लक्झेंबर्गने सांगितले की कराराचे स्वरूप, काळ आणि प्रदेश त्या निर्णयांशी जुळत असतील तर नियमभंग झाला असे धरून चाला; झाला नाही हे दाखवायचे तर ते रेप्सोलने दाखवावे.